घरगुती काडतूस-पुनर्भरण : चुका आणि त्यांची सुरक्षित दुरुस्ती

प्रस्तावना

एकदा झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी सहसा निकामी होत नाही. तिच्यातील जळालेला प्रायमर काढून तेथे नवा बसवणे, फुगलेल्या पुंगळीस साच्यातून दाबून मूळ आकार देणे, मोजून दारू भरणे आणि तोंडाशी नवी गोळी बसवणे, या क्रियासमूहास काडतुसाचे पुनर्भरण असे म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेमबाज व शिकारी यांच्यामध्ये हा घरगुती उद्योग दीर्घकाळ रूढ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडील शिल्लक दारू ब्रूस हॉजडन यांनी सामान्य ग्राहकांना विकण्यास आरंभ केला. हातात मावणारी स्वस्त अवजारेही बाजारात आली, तेव्हापासून या छंदाचा प्रसार झपाट्याने झाला. काटकसर हे त्याचे एक कारण होय. स्वतःच्या रायफलीस नेमके मानवेल असे काडतूस घडवता यावे, हे दुसरे. तेथे स्वतःच्या वापरापुरते पुनर्भरण करणाऱ्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीचा व्यवसाय करणाऱ्यास मात्र तो घ्यावा लागतो.

भारतातील स्थिती सर्वस्वी भिन्न आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याचे उत्पादन परवान्यावाचून करता येत नाही. त्याच अधिनियमातील ‘दारूगोळा’ या संज्ञेच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश होतो. त्यामुळे पुढील विवेचन ज्या देशांत ही क्रिया कायदेशीर आहे, मुख्यतः अमेरिकेतील, तिच्यासंबंधीचे आहे. भारतीय वाचकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात वस्तू घडवणारा, तिची तपासणी करणारा आणि ती वापरणारा या तीन भिन्न व्यक्ती असतात. घरगुती पुनर्भरणात या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे येतात. ज्या डोळ्यांनी चूक केली त्याच डोळ्यांनी ती शोधायची, ज्या हातांनी केली त्याच हातांनी दुरुस्त करायची, आणि दुरुस्ती फसली तर परिणामही त्याच हातांना व डोळ्यांना भोगायचे, अशी ही रचना आहे. या व्यवस्थेत काय घडते, हे पाहण्याजोगे आहे.

पुनर्भरणाविषयीच्या मार्गदर्शक पुस्तकांत चूक टाळण्याच्या सूचना विपुल असतात. चूक घडून गेल्यावर काय करावे याचे विवेचन त्या मानाने त्रोटक असते. वस्तुतः दुरुस्ती ही एक स्वतंत्र क्रिया आहे आणि पुष्कळदा ती मूळ क्रियेपेक्षा अधिक जोखमीची असते; कारण आता हाताळायची वस्तू रिकामी पुंगळी नसून दारू व प्रायमर यांनी युक्त असे जिवंत काडतूस असते.

काडतुसाची घडण व मोजमापाचा प्रश्न

काडतुसाचे घटक चार : पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. पुंगळीचे पितळ साधारणपणे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. लवचीकतेमुळे ते दाबाखाली फुगून चेंबरच्या भिंतीस घट्ट टेकते व वायू मागे येऊ देत नाही. प्रायमर आघाताने पेटतो. दारू आज बहुतेक ठिकाणी नायट्रोसेल्युलोजवर आधारित धूरविरहित दारू असते. पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये फ्रान्समध्ये तिचे पहिले यशस्वी रूप सिद्ध केले. जुन्या काळ्या दारूच्या मानाने ती कितीतरी प्रबल असल्यामुळे तेवढेच काम करण्यास ती फार थोडी पुरते, आणि येथेच एका मोठ्या धोक्याचे मूळ आहे.

दारूचे माप ‘ग्रेन’ या एककात घेतात. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. म्हणजे एक ग्रेन सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, आपल्याकडील सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. सोनाराच्या हातून गुंजभर फरक पडला तर नुकसान पैशाचे होते. पिस्तुलाच्या काडतुसात अर्ध्या गुंजेचा फरक हा सुरक्षित व असुरक्षित दाब यांमधील फरक ठरू शकतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ह्यूमन एरर’ या ग्रंथात मानवी चुकांचे जे वर्गीकरण केले, ते येथे उपयोगी पडते. हेतू बरोबर पण कृती घसरली, ही एक जात. मधली पायरी विसरली, ही दुसरी. आणि मुळात समजूतच चुकली, ही तिसरी. तराजूचे वजन चुकीच्या खाचेत बसणे ही पहिल्या जातीची चूक होय. दारू घातली की नाही हे न आठवणे ही दुसरी. पुस्तकातील .३५७ मॅग्नमची ओळ .३८ स्पेशलची समजून वाचणे ही तिसरी. या शेवटच्या उदाहरणातील अंतर लक्षात घ्यावे : अमेरिकी उद्योगसंस्था ‘सामी’ हिने .३८ स्पेशलसाठी ठरवलेला कमाल दाब दर चौरस इंचास १७,००० पौंड आहे, तर .३५७ मॅग्नमसाठी तो ३५,००० पौंड आहे. तिसऱ्या जातीची चूक सर्वांत घातक असते. कारण ती करणाऱ्यास आपण चुकत आहोत याची जाणीवच नसते, आणि ती एका काडतुसात न राहता त्या दिवशी भरलेल्या सर्व काडतुसांत उतरते.

दुहेरी भरणा

.३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूच्या काळात आखले गेले. त्या दारूस जागा पुष्कळ लागत असल्यामुळे त्याची पुंगळी ऐसपैस आहे. आता तीतच शीघ्रज्वलनशील धूरविरहित दारूचे लक्ष्यभेदासाठीचे माप तीन ग्रेनांहूनही कमी असते. पुंगळीत डोकावून पाहिल्यास ही दारू तळाशी कशीबशी दिसते. तेच माप अनवधानाने दोनदा पडले, तरी पुंगळी ओसंडत नाही. गोळी सहज वर बसते आणि काडतूस बाहेरून अगदी निर्दोष दिसते. ते झाडले जाते तेव्हा रिव्हॉल्व्हरचा चेंबर फुटणे, वरची पट्टी उचकटणे, असे प्रकार घडतात.

हा दोष बहुधा खंडामुळे उद्भवतो. दूरध्वनी वाजतो, घरातील कोणी हाक मारते, किंवा प्रेसमध्ये काहीतरी अडकते. ज्या प्रेसची तबकडी हाताने फिरवावी लागते तिच्यात एक घर पुढे सरकवण्याचे राहून जाते व त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. आपोआप फिरणाऱ्या प्रेसमध्ये अडथळा दूर करताना दांडा अर्धवट मागेपुढे केला जातो, आणि नेमके काय झाले हे नंतर सांगता येत नाही. अनुभवी पुनर्भरक म्हणूनच एक कडक नियम पाळतात : खंड पडला की प्रेसवरील सर्व पुंगळ्या उतरवायच्या, त्यांतील दारू ओतून घ्यायची व त्या सर्व आरंभापासून भरायच्या. यात दोन-तीन मिनिटे जातात, आणि एवढ्याचाच कंटाळा अनेकांना येतो.

गोळ्या बसवण्यापूर्वीची दुरुस्ती सर्वांत सोपी व सर्वांत सुरक्षित होय. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात भरलेल्या पुंगळ्या उभ्या करून विजेरीच्या प्रकाशात सर्वांतील दारूची पातळी एकदम पाहिली, तर रिकामी वा दुप्पट भरलेली पुंगळी शेजारणींच्या मानाने चटकन नजरेत भरते. शंका आली ती पुंगळी ओतून पुन्हा भरली की काम झाले. काही जण मुद्दाम अशी फुगीर दारू निवडतात की तिचे एकच माप अर्ध्याहून अधिक पुंगळी भरते. दुसरे माप पडल्यास ते बाहेर सांडते व चूक स्वतःच बोलते. सावधपणाच्या उपदेशापेक्षा ही युक्ती कितीतरी अधिक विश्वसनीय आहे.

पडताळणीचे फसवे मार्ग

गोळी एकदा बसली की आतले दिसत नाही. अशा वेळी शंभर काडतुसांपैकी एकात दोष असावा असा संशय आल्यास पुनर्भरकाच्या मनात पहिला विचार येतो तो सर्व काडतुसे तोलून पाहण्याचा. तो तर्कशुद्ध वाटतो, परंतु छोट्या काडतुसांच्या बाबतीत फसवा आहे. .३८ स्पेशलच्या पूर्ण काडतुसाचे वजन २३० ग्रेनांच्या आसपास भरते. निरनिराळ्या उत्पादकांच्या पुंगळ्यांच्या वजनांत काही ग्रेनांचा फरक असतोच. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांतही थोडाफार असतो. ज्या दारूचे अस्तित्व वा दुप्पटपणा शोधायचा ती तीन ग्रेनांहून कमी. म्हणजे शोधावयाचा फरक हा नैसर्गिक फरकातच बुडून जातो. हलकी पुंगळी व दुप्पट दारू यांची बेरीज सरासरीइतकीच भरू शकते. याउलट .३०-०६ सारख्या रायफलीच्या काडतुसात दारूचे माप ५० ग्रेनांच्या घरात असल्यामुळे दारूविना राहिलेले काडतूस तराजूवर हमखास उघडे पडते. एकच चाचणी एका ठिकाणी ग्राह्य व दुसऱ्या ठिकाणी निरर्थक ठरते, ही गोष्ट विज्ञानाच्या अध्यापकांस नवीन नाही; घरच्या टेबलावर मात्र ती सहज विसरली जाते.

कानाशी हलवून आवाज ऐकणे ही दुसरी पद्धत तर त्याज्यच होय. ‘एक झाडून पाहू’ ही तिसरी. तिच्याविषयी काही लिहिण्याची गरज नाही.

म्हणून संशयाचे एकक एक काडतूस न धरता संपूर्ण तुकडी धरावे लागते. तुकड्या लहान ठेवणे, प्रत्येक डबीवर दिनांक, दारूचे नाव, माप, गोळीचे वजन व प्रायमर यांची नोंद चिकटवणे, या सवयींचे खरे मोल येथे कळते. नोंद असेल तर पन्नास काडतुसे सोडवावी लागतात. नसेल तर वर्षभराची सर्व.

काडतूस सोडवणे

भरलेल्या काडतुसातून गोळी उपसण्याची दोन साधने प्रचलित आहेत. एक हातोडीसारखे असते : पोकळ डोक्यात काडतूस कडेने पकडून बसवायचे व हातोडी कठीण पृष्ठभागावर आपटायची, जडत्वामुळे गोळी पुढे निसटते आणि दारूसह त्याच पोकळीत पडते. दुसरे साधन प्रेसमध्ये बसते व चिमट्याप्रमाणे गोळी आवळून धरते. पहिले स्वस्त व सार्वत्रिक आहे. संख्या मोठी असल्यास दुसरे सोयीचे पडते.

हातोडीविषयी तीन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्या लागतात. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. काडतूस धरण्यासाठी साधनासोबत आलेली पकडच वापरावी. आणि ज्यांच्या कडेतच पेट घेणारे मिश्रण असते अशी .२२ सारखी रिमफायर काडतुसे या साधनात कधीही घालू नयेत, कारण तेथे पकड बसते तीच जागा आघातसंवेदी असते. पक्कडीने गोळी पिळून काढणे, पुंगळी शिकंज्यात आवळून ठोकणे, असे प्रकार घडतात व त्यांना कोणतेही समर्थन नाही.

उपसलेल्या गोळीवर ओरखडा नसेल तर ती सरावास चालते. दारू पुन्हा वापरावी की नाही याचा निर्णय मात्र ती कोणती आहे हे निर्विवाद ठाऊक आहे की नाही, एवढ्यावरच अवलंबून असतो. दुहेरी भरण्याचा संशय होता, दारू ओळखीची होती, तर ती चालेल. चुकीची दारू पडल्याचा संशय होता, तर फेकावी.

सोडवलेली पुंगळी पुन्हा भरताना एक सूक्ष्म अडचण येते. गोळी निघताना पुंगळीची मान सैल होते, तेव्हा ती पुन्हा साच्यातून दाबावी लागते. परंतु नेहमीच्या साच्यात जळका प्रायमर ढकलणारी सुई असते आणि येथे प्रायमर जिवंत आहे. ती सुई आधी काढून ठेवावयास हवी. चूक निस्तरण्याच्या घाईत हीच पायरी निसटते. दुरुस्तीची क्रिया ही सवयीच्या क्रमाबाहेरची असते. हात मात्र सवयीनेच चालतात.

वर राहिलेला प्रायमर

प्रायमर पुंगळीच्या बुडाशी समतल किंवा किंचित आत बसावयास हवा. खोबणीत काजळी साचलेली असेल, किंवा लष्करी पुंगळीच्या खोबणीची आवळलेली कडा काढून टाकलेली नसेल, तर तो वर राहतो. रिव्हॉल्व्हरमध्ये अशा काडतुसामुळे चक्र अडते. एम-१ गारँडसारख्या, मोकळी तरंगती सुई असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्ट जोराने मिटताना चाप न ओढताच बार उडण्याचा संभव असतो.

दोष बहुधा काडतूस पूर्ण भरून झाल्यावर बोटाने चाचपताना लक्षात येतो, आणि मोह होतो तो पुन्हा प्रेसमध्ये धरून आणखी थोडे दाबण्याचा. हा मोह टाळलाच पाहिजे. प्रायमर ही दाबाने व आघाताने पेटणारी वस्तू आहे. दारू व गोळी बसलेल्या पुंगळीत ती दाबणे म्हणजे प्रेसवर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, बार उडण्याची जोखीम पत्करणे होय. आधी गोळी व दारू काढावी, मग रिकाम्या पुंगळीतील प्रायमर सावकाश दाबून बसवावा. पुनर्भरणातील जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीस हाच न्याय लागू पडतो : पुढे रेटू नये, एकेक पायरी मागे जावे.

जिवंत प्रायमर बाहेर काढणे हे अनेक उत्पादक निषिद्धच मानतात. त्याऐवजी दारू व गोळी नसलेली पुंगळी बंदुकीत घालून सुरक्षित दिशेने प्रायमर उडवून टाकणे बरे. तेल लावल्याने प्रायमर ‘मरतो’ ही समजूत सर्वत्र आढळते, पण तिच्यावर विसंबता येत नाही. तेलात वा पाण्यात भिजलेले प्रायमर पुढे पेटल्याचे अनुभव आहेत.

साच्यात पुंगळी अडकणे हा प्रकार त्या मानाने निरुपद्रवी. वंगण कमी पडल्याने पुंगळी साच्यात घट्ट बसते व जोर केल्यास तिची कडा फाटते. बुडास भोक पाडून, आटे कापून, स्क्रूच्या साहाय्याने ती ओढून काढतात. मात्र भोक पाडण्यापूर्वी आतील प्रायमर जळका आहे याची खात्री करावी.

दारूची ओळख

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यास प्रथम शिकवतात की बाटलीतून काढलेले रसायन पुन्हा बाटलीत टाकू नये. पुनर्भरणात मात्र काम संपल्यावर मापकात उरलेली दारू मूळ डब्यात परत ओतण्याचाच प्रघात आहे. मापकात ठेवल्यास ती कोणती हे उद्या सांगता येत नाही. यामुळे एका क्षणाच्या गफलतीने आख्खा डबा दूषित होऊ शकतो. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० यांचे क्रमांक समान असले तरी त्या दोन भिन्न दारू आहेत व एकीची मापे दुसरीस लागू होत नाहीत. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवण्याचा नियम याचसाठी आहे. दोन दारू मिसळल्या, तर ते मिश्रण कोणत्याही कोष्टकात बसत नाही. तो डबा, कितीही भरलेला असो, टाकून द्यावा लागतो. डोळ्यांनी कण पाहून दारू ओळखण्याचा प्रयत्न करू नये, कारण अनेक दारू दिसण्यात सारख्या असतात.

‘शंका असेल तर माप कमी करा’ हा सल्लाही सरसकट खरा नाही. एच ११० व विंचेस्टर २९६ या दारूंचे माप ३ टक्क्यांहून अधिक कमी करू नये, असे उत्पादकच सांगतात; फार कमी मापात त्या नीट पेटत नाहीत व गोळी नळीतच राहू शकते.

फुसका बार

दारू पडलीच नाही, तरी एकटा प्रायमर गोळीस पुंगळीतून नळीत ढकलू शकतो. तेथे ती अडकते. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही, अर्धस्वयंचलित शस्त्राची यंत्रणा फिरत नाही. या फुसक्या बाराने स्वतः फारशी इजा होत नाही. घात करतो तो त्यामागून येणारा चांगला बार. बंद नळीत दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फुटते, आणि जलद नेमबाजीत दोन बारांमधील अवकाश सेकंदाहून कमी असतो. शेजारच्या मार्गिकेत उभ्या असलेल्यासही तेव्हा धोका असतो.

वेगळा आवाज येताच थांबावे. बार उशिराने उडण्याचा संभव गृहीत धरून शस्त्र लक्ष्याच्या दिशेनेच धरून निदान ३० सेकंद वाट पाहावी, ते पूर्ण रिकामे करावे, आणि मागील बाजूने नळी आरपार दिसते का ते पाहावे. अडकलेली गोळी नळीच्या मापाच्या पितळी कांबीने हलक्या ठोक्यांनी काढतात. लाकडी दांडके फुटून पाचरीसारखे रुतते. बंदूक दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराकडे शस्त्र सोपवणे अधिक चांगले. दुसरी गोळी झाडून पहिली ‘उडवून देणे’ हा उपाय कोणी सुचवल्यास ऐकू नये. त्या तुकडीतील उरलेली काडतुसे त्याच दिवशी बाजूला काढावीत : एका पुंगळीतून निसटलेली दारू कदाचित दुसऱ्या पुंगळीत दुप्पट होऊन बसलेली असते.

टाकाऊ मालाची व्यवस्था

दुरुस्तीअंती संशयित काडतुसे, अनोळखी दारू व बिघडलेले प्रायमर असा माल शिल्लक राहतो. तो वेगळ्या, ठळक अक्षरांत खूण केलेल्या डब्यात ठेवावा. अमेरिकेच्या अग्निसंरक्षण संस्थेच्या ४९५ क्रमांकाच्या मानकानुसार घरात जास्तीत जास्त २० पौंड धूरविरहित दारू मूळ डब्यांत, आणि १०,००० प्रायमर ठेवण्यास मुभा आहे. त्याहून अधिक दारूसाठी वेगळी व्यवस्था लागते. नको असलेली दारू सांडपाण्यात किंवा कचऱ्यात जाऊ देऊ नये. तिच्या निर्गतीसाठी उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात. जिवंत काडतुसे अनेक नेमबाजी क्लब किंवा स्थानिक पोलीस स्वीकारतात. बहुतेक पुनर्भरक हा डबा वर्षानुवर्षे फळीवर ठेवून देतात आणि पुढे त्यावरील चिठ्ठी गळून पडते. घर सोडताना किंवा मालकाच्या निधनानंतर तो कुटुंबियांच्या हाती येतो, तेव्हा आत काय आहे हे सांगणारे कोणी उरलेले नसते. डबा भरण्यापूर्वीच रिकामा करण्याचा दिवस ठरवून ठेवावा आणि तो नोंदवहीत लिहावा.